गावातल्या डॉक्टरांना सगळी फाईल दाखवायची काय गरज?

तुमच्या वडिलांच्या सांध्यांचा इलाज मिरजेत चालू आहे, हृदयाचा बेळगावात. गावच्या डॉक्टरांकडे जाणं होतं ते ताप-खोकल्यापुरतं, मग त्यांना सगळी फाईल कशाला दाखवायची, असं तुम्ही विचारलंय.

दाखवाच, ताप-खोकल्यालाही दाखवा. मी निपाणी भागात फॅमिली डॉक्टर आहे. कागद न आल्यामुळे काय होतं, ते मला रोज दिसतं.

सांधेवाताला मेथोट्रेक्सेट देतात. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. आमच्याकडे चिठ्ठीवर १-०-१ (सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक) असं लिहितात, ते मराठी-कन्नड दोघांनाही कळतं. पण 'आठवड्यातून एकदा' त्या आकड्यांत बसत नाही. ते शेजारी इंग्रजीत, बारीक अक्षरात येतं. एक आजी माझ्याकडे आल्या त्या 'तोंड आलंय, घास गिळवत नाही' म्हणून. तोंड आलं की बी-कॉम्प्लेक्स, हा सगळीकडचा रिवाज. सुनेनं पिशवी टेबलावर ओतली तेव्हा कळलं, आजी ती गोळी रोज घेत होत्या. मेथोट्रेक्सेट जास्त झालं की तोंडात फोड येतात आणि पांढऱ्या पेशी घटतात. मग साधा तापही जिवावर बेततो. त्यांना लगेच मोठ्या दवाखान्यात पाठवलं, म्हणून वाचल्या. वडिलांनाही हीच गोळी असेल तर वार ठरवा आणि पाकिटावर मोठ्या अक्षरात मराठीत लिहा.

या गोळीवर कुणी खोकल्यासाठी कोट्रायमोक्साझोल हे अँटिबायोटिक दिलं, तरी पेशी तशाच घसरू शकतात. हृदयासाठी रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना कंबरदुखीला डायक्लोफेनॅक दिलं, तर पोटात रक्तस्राव होऊ शकतो. गावातला डॉक्टर कितीही अनुभवी असू दे, पेशंट काय घेतोय हेच माहीत नसेल तर तो काय टाळणार?

मला सगळ्यात जास्त खटकतं ते डिस्चार्ज कार्ड. नव्या गोळ्यांची यादी त्यावर असते. जुन्यातली कुठली बंद केली आणि का, हे बहुतेक वेळा नसतं. घरात जुनी पाकिटं शिल्लक असतात, माणूस दोन्ही घेत राहतो. त्यात एकच औषध मिरजेत एका कंपनीचं मिळतं, बेळगावात दुसरीचं. नाव वेगळं, रंग वेगळा. साखरेची गोळी अशी दुप्पट झाली की पहाटे दरदरून घाम फुटतो, शुद्ध हरपते. म्हणून घरी सोडताना 'काय बंद केलं?' हे विचारा आणि तिथंच कार्डावर लिहून घ्या.

कागद द्यायला कुणी टाळाटाळ केली तर लेखी अर्ज द्या. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे ७२ तासांत कागद द्यावे लागतात. आभा कार्डही (सरकारी डिजिटल आरोग्य खातं) काढून ठेवा, १४ अंकी नंबर दोन्ही राज्यांत चालतो. मात्र दवाखान्यानं रिपोर्ट त्याला जोडला तरच तो पुढच्या डॉक्टरला दिसेल, म्हणून कागदी फाईल सोडू नका. ईसीजीची झेरॉक्स आजच काढा, त्या गुळगुळीत कागदावरची शाई काही काळानं उडून जाते.