मत सिनेमाचं की टीव्हीचं?

वाचक विचारतात

पाहिलेल्या सिनेमा-मालिकांवर या महिन्यात पत्रं भरपूर आली. ‘नाही आवडलं’ असं लिहिणाऱ्यांतल्या निम्म्या जणांची तक्रार नीट वाचली, तर ती सिनेमाबद्दल नसून घरातल्या टीव्हीबद्दल निघते. तीच पत्रं आधी घेऊ.

गाजलेली एक वेब मालिका पाहिली. गोष्ट बरी आहे, पण नट तोंडातल्या तोंडात पुटपुटतात आणि पार्श्वसंगीत सुरू झालं की शेजारी दार वाजवतात. हल्लीच्या नटांना स्वच्छ बोलता येत नाही, असं माझं मत झालं आहे. (एक वाचक, अमळनेर)

मत पक्कं करण्याआधी पाच मिनिटं खर्च करा. तोच प्रसंग मोबाइलवर इअरफोन लावून ऐका. शब्द नीट कळले तर नट निर्दोष. तिथेही कळले नाहीत, तर खुशाल दिग्दर्शकाला बोल लावा.

यातली गोम अशी. वेब मालिकेचा आवाज बहुधा ५.१, म्हणजे सहा वाहिन्यांत (आवाजाच्या सहा वेगवेगळ्या धारांत) मिसळलेला असतो : समोर तीन, बाजूला-मागे दोन आणि घुमणाऱ्या आवाजासाठी एक. संवाद जवळपास सगळे समोरच्या मधल्या वाहिनीत असतात. तुमच्या टीव्हीला मात्र स्पीकर दोनच, आणि त्यांची तोंडं खाली नाहीतर भिंतीकडे. सहाचे दोन करताना मधली वाहिनी साधारण ३ डेसिबलने उतरवून डाव्या-उजव्यात वाटली जाते. मग संवाद आणि संगीत एकाच स्पीकरमधून बाहेर पडायला धडपडतात, आणि त्यात संगीत जिंकतं. शिवाय घरी आपण आवाज थिएटरपेक्षा बराच खाली ठेवतो, त्यामुळे कुजबुज खोलीतल्या गोंगाटाखाली जाते. एप्रिल-मे महिन्यात आपल्याकडे खोलीतला गोंगाट म्हणजे कूलर. पत्र्याचा कूलर फुल्ल स्पीडवर असला, की माणसाच्या साध्या बोलण्याएवढा आवाज तो सहज करतो. त्यापुढे कोणत्या नटाचं काय चालणार?

उपाय या क्रमाने करा. अ‍ॅपमधल्या ऑडिओच्या यादीत ‘५.१’ आणि साधी अशा दोन नोंदी दिसत असतील तर साधी, म्हणजे स्टिरिओ निवडा. टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये ‘सराउंड’ बंद करा आणि ‘क्लिअर व्हॉइस’ किंवा तशा नावाचा पर्याय चालू करा. रात्री ‘नाइट मोड’ किंवा ‘ऑटो व्हॉल्यूम’ लावा. त्याने मोठे आवाज दबतात, बारीक आवाज वर येतात. कूलर एक नंबरवर आणा. एवढ्यानेही भागलं नाही आणि साउंडबार घ्यायचा ठरलाच, तर ३.१ घ्या, कारण त्यात संवादासाठी मधला स्पीकर वेगळा असतो. मोठा वूफर पाहून २.१ घेणाऱ्यांच्या घरी धडामधुडूम तेवढं वाढतं, पुटपुट होती तशीच राहते.

आणखी एक. पाहिलेली आवृत्ती डब केलेली असेल, तर आवाजाच्या अभिनयावर मूळ नटाला गुण देऊ नका आणि कापूही नका. मूळ भाषेत सबटायटल लावून एखादा तापलेला प्रसंग पाहा, मग बोला.

नवा ५५ इंची टीव्ही घेतला. आवडता जुना सिनेमा लावला, तर सगळं डेली सोपसारखं, खोटं-खोटं दिसतं. घरचे म्हणतात, क्लिअर आहे. (भुसावळ) वर-खाली काळ्या पट्ट्या येतात म्हणून मी झूम करून बघतो. चालेल ना? (नंदुरबार)

भुसावळकर, तुमचे डोळे शाबूत आहेत. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांनी चालतो. नवा टीव्ही दोन चित्रांच्या मध्ये स्वतः बनवलेली चित्रं घुसडतो, म्हणून हालचाल तुपासारखी गुळगुळीत होते आणि सिनेमाचा पोत जातो. क्रिकेटला हे बरं, सिनेमाला घातक. एलजीच्या टीव्हीत याला ट्रूमोशन म्हणतात, सोनीत मोशनफ्लो, सॅमसंगमध्ये पिक्चर क्लॅरिटी (जुन्या सेटवर ऑटो मोशन प्लस). ते बंद करा. ‘फिल्ममेकर मोड’ असेल तर तो निवडला की हे आपोआप बंद होतं. नसेल तर ‘सिनेमा’ किंवा ‘मूव्ही’ मोड लावा. ‘व्हिव्हिड’ हा मोड दुकानाच्या लखलखाटात टीव्ही उठून दिसावा म्हणून असतो. घरी त्यात माणसांचे चेहरे टोमॅटो होतात. मोड बदलल्यावर पहिले दोन दिवस चित्र पिवळट वाटेल, मग डोळा बसतो.

नंदुरबारकर, चालणार नाही. बरेच सिनेमे २.३९:१ या रुंदीचे असतात, टीव्ही १.७८:१ चा. पट्ट्या घालवायला झूम केलं की बाजूंनी जवळजवळ पाव चित्र कापलं जातं. डाव्या टोकाला उभी असलेली, सगळं मुकाट्याने ऐकणारी सून तुमच्या घरी सिनेमात नसतेच, आणि मग ‘तिला शेवटी एवढा राग का आला ते कळलं नाही’ असं मत तयार होतं. उलटा प्रकार जुन्या चौकोनी चित्रांचा. १९५३ सालचा ‘श्यामची आई’ टीव्हीभर ताणून लावला, तर प्रत्येक माणूस एक तृतीयांशाने जाड होतो. पट्ट्या राहू द्या. खोलीतला दिवा मालवला की त्या दिसतही नाहीत.

एका मालिकेत आपल्याकडचं कुटुंब दाखवलंय. त्यांची अहिराणी कानाला खटकते, पण नेमकं काय चुकतंय ते सांगता येत नाही. नुसतं ‘खोटी वाटते’ म्हटलं तर पुण्याचे मित्र हसतात. (साक्री)

मग नेमकं बोट ठेवा. आधी क्रियापदं ऐका. अहिराणीत ‘मी जास, तू जास, तो जास’, चालू क्रियेला ‘काय करी ऱ्हायना’, आणि ‘आहे’च्या जागी ‘शे’. पुढे ‘माझा, तुझा’ला ‘मना, तुना’ आणि ‘मला, तुला’ला ‘माले, तुले’. नट बहुतेकदा प्रमाण मराठीचं वाक्य तसंच ठेवून शेवटी ‘शे’ चिकटवतो. ‘मी तुला सांगितलं शे’ असलं काही आलं, की लेखन वरवरचं समजा. ‘ले’वर मात्र विसंबू नका, ‘मले-तुले’ वऱ्हाडीतही आहे, म्हणून ‘ले’ ऐकू आलं एवढ्यावर खान्देश सिद्ध होत नाही.

दुसरी कसोटी म्हणजे रागाचे आणि रडण्याचे प्रसंग. पाठ केलेली बोली शांत संवादात टिकते आणि आवाज चढला की प्रमाण मराठीवर घसरते. असे दोन प्रसंग भागाच्या क्रमांकासह टिपून ठेवा, पुणेकर गप्प बसतील.

तिसरं, पात्राचं गाव बघा. यावल-रावेर-भुसावळ पट्ट्यातल्या लेवा बोलीचा बाज निराळा. बहिणाबाईंची गाणी त्या बोलीतली, तरी त्यांना सर्रास अहिराणी म्हटलं जातं. पात्र रावेरच्या केळीवाल्याचं असेल आणि ते अस्सल साक्रीची अहिराणी झाडत असेल, तर बोली खरी असूनही निवड चुकली. तेव्हा टीका नटावर नको, लेखकावर करा.

मालेगावच्या सिनेमावेड्यांवरचा हिंदी चित्रपट पाहिला. खरं किती, रचलेलं किती, हे कसं ओळखायचं? (चाळीसगाव)

रीमा कागती दिग्दर्शित ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ २८ फेब्रुवारी २०२५ ला थिएटरात आला. तो मालेगावातच हौसेने सिनेमे काढणाऱ्या नासिर शेख यांच्या आयुष्यावर बेतलेला आहे. त्याच माणसांवर फैजा अहमद खान यांचा माहितीपट आधीच आहे, ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’, २००८ चा. क्रम असा ठेवा : आधी चित्रपट, मग माहितीपट, आणि मग मत. माहितीपटात सायकलीवर बसून कॅमेरा फिरवणं, बैलगाडीची क्रेन करणं हे प्रत्यक्ष दिसतं. चित्रपटातल्या मैत्रीतली भांडणं, रुसवे, जुळवाजुळव यांना पटकथेचा आकार दिलेला आहे, तो देणं हा पटकथेचा हक्कच. तेव्हा ‘असं घडलंच नव्हतं’ हा आक्षेप लंगडा पडतो. ‘असं घडवल्याने माणूस छोटा झाला का मोठा’ असं विचारा. आमच्या मते माहितीपट अधिक मिश्कील आहे आणि चित्रपट अधिक हळवा. मालेगाव नाशिक जिल्ह्यात असल्याने त्याला खान्देशात धरायचं की नाही, हा वाद तुम्ही चाळीसगावच्या स्टँडवर मिटवा.

रोजची मालिका सहा महिन्यांपासून बघते. गोष्ट जागची हलत नाही. लेखकाला लिहिता येत नाही का? (पारोळा)

ताई, हिशोब बघा. अर्ध्या तासाच्या जागेत जाहिराती वगळून सुमारे २२ मिनिटं, आठवड्याला सहा भाग, म्हणजे १३२ मिनिटं. एक अख्खा सिनेमा दर आठवड्याला लिहायचा आणि चित्रित करायचा. त्यातच दर गुरुवारी बार्क या टीव्हीचे प्रेक्षक मोजणाऱ्या संस्थेचे आकडे येतात; वर गेलेला धागा ताणला जातो, पडलेला गुंडाळला जातो. एका संवादावर पाच जणांचे चेहरे दाखवणं स्वस्त पडतं, कारण सेट तोच आणि लाइट तेच.

म्हणून संथपणा हा रोजच्या मालिकेवरचा आक्षेप होऊ शकत नाही, तो तिचा धर्म आहे. पात्रं स्वतःशी इमान राखतात का, ते बघा. गेल्या महिन्यात हिशोबाला चोख असलेली जाऊ या महिन्यात कोऱ्या कागदावर सही करते, तेव्हा लेखकाचा कान धरा. पंधरा दिवस मालिका बंद ठेवून पुन्हा लावून पाहा. काहीच चुकल्यासारखं वाटलं नाही, तर सोडून द्या.

शेवट न फोडता सिनेमाबद्दल किती सांगावं? (शिरपूर)

पहिल्या वीस मिनिटांतलं आणि ट्रेलरमधलं. मध्यंतरापर्यंतचं सांगायला हरकत नाही असं अनेकांना वाटतं, पण आपल्याकडे मोठा धक्का नेमका मध्यंतरालाच ठेवतात. ‘शेवटी एक ट्विस्ट आहे’ एवढंही सांगू नका; ऐकणारा दोन तास तोच शोधत बसतो.

आम्ही बारा-चौदा जण दर महिन्याला सोसायटीच्या हॉलमध्ये सिनेमा बघून चर्चा करणार आहोत. दोनदा प्रयत्न केला. एकदा सगळे ‘भारी होता’ म्हणून जेवायला गेले, दुसऱ्यांदा भांडण झालं. (धुळे)

सिनेमा दोन तासांच्या आतला निवडा, नाहीतर चर्चेची वेळ आणि जेवणाची वेळ एक होते. संपल्यावर दहा मिनिटं चहा, आणि त्या वेळात प्रत्येकाने एका चिठ्ठीवर एकच प्रसंग लिहायचा, जो डोळ्यांपुढून जात नाही किंवा जिथे लक्ष उडालं. ‘चांगला-वाईट’ लिहायचं नाही. मग एकेकाने चिठ्ठी वाचून दीड-दोन मिनिटं बोलायचं. सुरुवात वयाने लहान असलेल्यांपासून करा. नाना किंवा आप्पा आधी बोलले, की बाकीच्यांची मतं तिथेच संपतात. भांडणाचंही मूळ बहुधा तेच असतं. एकाच प्रसंगावर दोन चिठ्ठ्या उलट आल्या, तर तो तीन-चार मिनिटांचा तुकडा पुन्हा लावा. आठवणीतल्या सिनेमावर लोक तावातावाने भांडतात, पडद्यावरचा दिसला की निम्मा वाद ओसरतो.

प्रोजेक्टरसाठी १०० इंची पडदा पुरे : साधारण सव्वासात फूट रुंद, चार फुटांहून थोडा उंच. स्वस्त यंत्रांच्या खोक्यावरचे ‘ल्युमेन’, म्हणजे उजेडाचे आकडे, फुगवलेले असतात. एएनएसआय ल्युमेन, म्हणजे प्रमाणित पद्धतीने मोजलेले, किती ते विचारा. पूर्ण अंधारात ५०० खरे ल्युमेन चालून जातात, पण हॉलच्या खिडक्यांतून रस्त्यावरचा दिवा येत असेल तर २,००० च्या वरच जा.

परवानगीचं आधी बघा. ओटीटीची वर्गणी घरापुरती असते, हॉलमधल्या प्रदर्शनाचा हक्क तिच्यात येत नाही. निर्माता किंवा वितरक यांच्याकडून लेखी, निदान ईमेलवर, संमती घ्या. लघुपट करणारी तरुण मंडळी ती बहुतेकदा आनंदाने देतात. गट टिकला तर फिल्म सोसायटी म्हणून नोंदणी करून फेडरेशन ऑफ फिल्म सोसायटीज ऑफ इंडियाशी जोडून घ्या. १९५९ पासूनची ही संस्था, पहिले अध्यक्ष सत्यजित राय.

मिळालेली फाइल आदल्या संध्याकाळी त्याच हॉलमध्ये, त्याच यंत्रावर चालवून बघा. पेन ड्राइव्ह ‘फॅट-३२’ या पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर बसतच नाही. तो ‘एक्सफॅट’ या पद्धतीने फॉरमॅट करा (आधीच्या फाइली पुसल्या जातात) आणि तुमचा प्रोजेक्टर एक्सफॅट वाचतो का ते तपासा. चित्र दिसतं पण आवाज येत नाही असं झालं, तर फाइलमधला ऑडिओ डीटीएस किंवा डॉल्बीचा आहे आणि यंत्राला तो उलगडत नाही असं समजा. अशा वेळी लॅपटॉप एचडीएमआय केबलने जोडून त्यावरून चालवा, आणि आवाज लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकातून हॉलच्या स्पीकरला द्या.