खुल्या कारभाराच्या कामात नवीन आलायस, तर हे ऐक

सुरुवात परिषदांपासून करू नकोस. आधी एकाच खात्याचा अर्थसंकल्प घेऊन बस. मंजूर रक्कम आणि झालेला खर्च शेजारी शेजारी मांड. डोकं उठेल, पण त्याशिवाय अधिकाऱ्यासमोर तुझ्या बोलण्याला वजन येणार नाही.

२०११ मध्ये ८ देशांनी ओपन गव्हर्नमेंट पार्टनरशिप सुरू केली, म्हणजे कारभार लोकांसाठी खुला करायचं वचन देणाऱ्या देशांची भागीदारी. त्यात सरकार आणि स्वयंसेवी संस्था मिळून कृती आराखडा ठरवतात, स्वतंत्र यंत्रणा त्याचा आढावा घेते. कागदावर छान. खरी मेख शब्दांत असते. ‘पारदर्शकता वाढवू’ असलं आश्वासन स्वीकारू नकोस; ते मोडलं हे सिद्धच करता येत नाही. कोणती माहिती, कोणत्या स्वरूपात, कोण देणार, कोणत्या तारखेपर्यंत, सगळं लिहून घे. मी एकदा तारीख घ्यायची विसरलो आणि तीन वर्षं ‘काम चालू आहे’ ऐकत बसलो.

माहिती खुली झाली म्हणजे लोक सहभागी झाले, असंही नाही. ब्राझीलमधल्या पोर्तू अलेग्री शहरात १९८९ पासून सहभागी अर्थसंकल्प सुरू झाला, तेव्हा कोणती कामं आधी घ्यायची यावर लोकांचा खरोखर शब्द चालायचा, म्हणून गरीब वस्त्यांतूनही माणसं यायची. निर्णय आधीच झालेला असेल तर बैठक बोलावूच नकोस, पुढच्या वेळी खुर्च्या रिकाम्या राहतील.

मंत्र्यांबरोबर फोटो निघतील, निघू देत. ओळख मात्र कारकुनाशी ठेव. सरकार बदललं तरी फाइल कुठे आहे ते त्याला ठाऊक असतं.

आणि हो, स्वतःच्या संस्थेचे हिशेब आधी संकेतस्थळावर टाक. पहिला प्रश्न तोच येतो.