वाचकांचे प्रश्न : पेन्सिलीवरचा आकडा आणि कागदावरचा काळा

प्रश्न : रेखाटन शिकायला नुकतीच सुरुवात केली आहे. बारा पेन्सिलींचा संच घ्यावा की चोवीसचा? एच, बी, एचबी, एफ ही अक्षरे नेमके काय सांगतात?

संच घेऊच नका, निदान सुरुवातीला तरी. २एच, एचबी, २बी आणि ६बी अशा चार सुट्या पेन्सिली पुष्कळ झाल्या. संचातल्या ५एच, ७एच वर्षानुवर्षे कोऱ्या राहतात आणि ४बी मात्र महिन्याभरात बोटाएवढी होते.

अक्षरांचे म्हणाल तर हिशेब सोपा आहे. ग्राफाइटची भुकटी आणि चिकणमाती पाण्यात एकजीव करून त्याच्या काड्या पाडतात, त्या भट्टीत भाजतात आणि मग मेणात मुरवतात. फ्रान्समध्ये निकोला-जाक कोंते याने १७९५ साली ग्राफाइट-मातीच्या या कृतीचे पेटंट घेतले. मूळ रीत आजही तीच आहे. माती जास्त असेल तर काडी कठीण होते आणि रेघ फिकी येते. ग्राफाइट जास्त असेल तर काडी मऊ आणि रेघ गडद. एच म्हणजे हार्ड, बी म्हणजे ब्लॅक, एचबी या दोहोंच्या मधली. एफ ही एचबी आणि एच यांच्या मध्ये बसते. तिचे टोक जरा जास्त टिकते, पण चित्रकाराचे तिच्यावाचून काही अडत नाही. अक्षराआधीचा आकडा वाढत जाईल तसा तो गुण वाढतो. मात्र ४बी ही २बीच्या दुप्पट काळी असते असा त्याचा अर्थ नाही. आकडा फक्त क्रम सांगतो, प्रमाण सांगत नाही.

कामाची वाटणी अशी करा : प्राथमिक आखणीला २एच किंवा एचबी, तीही अगदी हलक्या हाताने, मधल्या छटांना २बी, गडद भागाला ६बी. पुढे गरज वाटली तर ४बी आणि ८बी यांची भर घाला.

प्रश्न : माझ्याकडे दोन कंपन्यांच्या २बी पेन्सिली आहेत. एकीची रेघ दुसरीपेक्षा स्पष्टपणे फिकी येते. यातली एक नकली आहे का?

दोन्ही खऱ्या असतील. कोणत्या अक्षराला किती काळेपणा हवा, हे सगळ्या कंपन्यांवर बंधनकारक नाही. प्रत्येक कंपनी आपापली पट्टी ठरवते, त्यामुळे एकीची २बी दुसरीच्या बीएवढी किंवा ३बीएवढी भरू शकते. एकाच चित्रात शक्यतो एकाच कंपनीच्या, त्यातही एकाच मालिकेतल्या पेन्सिली वापरा.

त्याहून भरवशाचा उपाय म्हणजे स्वतःची छटापट्टी. ज्या कागदावर चित्र काढणार, त्याच्याच तुकड्यावर दोन-दोन सेंटिमीटरचे चौकोन आखा, प्रत्येक पेन्सिलीला एक. चौकोनाच्या डाव्या टोकाला हात अगदी हलका ठेवा आणि उजवीकडे जाताना दाब वाढवत न्या. पेन्सिल कुठवर जाते आणि कुठे थकते, ते या पट्टीत दिसते. कागद बदलला की पट्टी नव्याने करायची, कारण खरखरीत कागदावर तीच पेन्सिल जास्त झिजते आणि जास्त गडद उमटते.

प्रश्न : कितीही दाबले तरी काळा रंग खऱ्या अर्थाने काळा येत नाही. उलट तो भाग चकाकतो आणि फोटोत पांढरट दिसतो. काय चुकते?

दाबणे हेच चुकते. ग्राफाइटचे कण चपटे, पत्र्यासारखे असतात. हलक्या हाताने लावले तर ते कागदाच्या खाचांत वेगवेगळ्या दिशांना तोंड करून बसतात. जोर दिला की ते एका पातळीत आडवे होतात, घासून गुळगुळीत होतात आणि उजेड परत फेकू लागतात. म्हणजे एचबी रेटून गडद छटा काढायला गेलात तर काळा मिळत नाही, झिलई मिळते. शिवाय कागदाच्या खाचा बुजल्यावर वरून ८बी फिरवली तरी ती नुसती घसरते. हा भाग मग खोडताही येत नाही, कारण कागद दबलेला असतो.

म्हणून गडद भाग थरांनी चढवा. आधी २बीचा हलका थर, तिरक्या रेघांचा. त्यावर ४बी, रेघांची दिशा बदलून. मग ६बी, पुन्हा दिशा बदलून. तीन-चार थरांत जो काळा मिळतो, तो एका दमात रेटून कधीच मिळत नाही. पेन्सिल टोकापासून लांब, मागच्या बाजूला धरली की दाब आपोआप कमी होतो. लिहिताना धरतो तशी टोकाजवळ धरू नका.

इतके करूनही ग्राफाइटला मर्यादा आहेच. त्याचा सर्वांत गडद काळासुद्धा करडाच असतो, आणि ती काही तुमच्या हाताची चूक नव्हे. डोळ्याची बाहुली, केसांतली सावली अशा जागी मखमली काळा हवाच असेल तर कार्बन पेन्सिल (ग्राफाइटऐवजी काजळीसारख्या कार्बनची) घ्या, किंवा ग्राफाइटमध्ये काजळीसारखा कार्बन मिसळलेली ‘मॅट’ पेन्सिल घ्या. हे कण उजेड शोषतात, म्हणून चमक राहत नाही. पण कार्बन आधी लावायचा आणि ग्राफाइट नंतर. घोटलेल्या ग्राफाइटवर कार्बन किंवा कोळसा धरत नाही. फोटो काढताना उजेड एका बाजूने, तिरका पडू द्या. कॅमेऱ्याच्या मागून सरळ येणारा उजेड झिलई आणखी वाढवतो.

प्रश्न : पेन्सिलीतल्या शिशाने विषबाधा होते का? मुले टोक तोंडात घालतात.

त्यात शिसे हा धातू नसतोच. ते ग्राफाइट, म्हणजे कार्बन असते. सोळाव्या शतकात इंग्लंडमधल्या बॉरोडेल इथे ते सापडले तेव्हा लोकांनी त्याला शिशाचाच प्रकार मानले, आणि नाव चिकटले ते चिकटलेच. तरी पेन्सिल चघळू देऊ नये : बाहेरचा रंग पोटात जातो आणि टोक टाळूला लागते.

प्रश्न : टोक काढताना शिसे सारखे तुटते. शार्पनर बदलून पाहिला, तरी तेच.

आधी दोष कुठे आहे ते ओळखा. तुटलेला तुकडा लाकडातून अख्खा निसटून आला आणि थोडे पुढे गेल्यावर पुन्हा तसेच झाले, तर शिसे आतूनच तुटलेले आहे. पेन्सिल कडक फरशीवर पडली की हे होते. त्याला इलाज नाही. तुटलेला भाग संपेपर्यंत ती सोलत राहावी लागते.

दुसरे, पेन्सिलीचे मागचे टोक पाहा. शिसे लाकडाच्या बरोबर मधोमध नसेल तर एका बाजूला लाकूड जाड उरते, दुसऱ्या बाजूला शिसे उघडे पडते आणि त्याच बाजूला ते मोडते. पेन्सिल तयार होताना खाचा पाडलेल्या दोन पातळ फळ्यांमध्ये काड्या ठेवून फळ्या एकमेकींना चिकटवतात. खाच जरा सरकली की हा दोष येतो. घेतानाच प्रत्येक पेन्सिल मागून पाहून घ्यावी, आणि सपाट टेबलावर घरंगळवून पाहावी. वाकडी असेल तर ती हेलकावे खाते.

तिसरे, बोथट पाते. पाते धारदार असेल तर लाकडाचे सलग, पातळ साल निघते. भुगा पडत असेल तर पाते कापत नाही, ओढते आहे. आणि त्या ओढीने शिसे मुरगळते. शार्पनर ‘बदलला’ म्हणजे नवा घेतला की घरातला दुसरा जुना, हा प्रश्न इथे विचारावासा वाटतो.

४बीच्या पुढच्या पेन्सिलींना मात्र शार्पनर लावूच नये. त्यांचे शिसे मऊ आणि बहुधा जाडही असते. कटर वापरा. पेन्सिल डाव्या हातात धरा, पात्याची धार अंगापासून दूर ठेवा, आणि पेन्सिल धरलेल्या हाताच्या अंगठ्याने पात्याची पाठ पुढे ढकला. उजवा हात फक्त कोन सांभाळतो. पेन्सिल थोडी थोडी फिरवत सुमारे दोन सेंटिमीटर लाकूड उतरते करा. एच ते २बीपर्यंत सहा ते आठ मिलिमीटर शिसे उघडे ठेवले तरी चालते. ६बी, ८बीला तीन-चार पुरे. शेवटी बारीक पॉलिश पेपरवर, ३२० ते ४०० नंबरच्या, शिसे आडवे धरून फिरवत टोक करा. नंतर टोक कापडाला पुसा, नाहीतर सुटी भुकटी चित्रावर सांडते.

प्रश्न : शेडिंग करताना मधेच बारीक पांढऱ्या रेघा उमटतात. त्या भरता येत नाहीत.

त्या रेघा नाहीत, चरे आहेत. आखणीच्या वेळी २एच किंवा ४एच जोराने ओढली, की कागदावर खाच पडते. रेघ खोडली तरी खाच राहते, आणि मऊ पेन्सिलीचे जाड टोक तिच्यावरून उडी मारून जाते. अणकुचीदार एचबीने खाचेच्या आत थोडे भरता येते, पण पूर्ण झाकत नाही. एच पेन्सिली आखणीला चांगल्या, हात मात्र इतका हलका हवा की कागदाच्या मागच्या बाजूला बोट फिरवल्यावर काही लागू नये.

चऱ्यांऐवजी सगळीकडे पांढरे ठिपके दिसत असतील तर तो कागदाचा पोत. २बीच्या थरावर टोकदार एच घेऊन लहान लहान गोल फिरवा; ठिपके भरतात. हे शेवटीच करायचे, कारण त्यानंतर त्या जागी फारसे काही चढत नाही.

प्रश्न : चित्र हाताने फिसकटते. हेअरस्प्रे मारला तर चालेल का?

नको. त्याने कागद पुढे पिवळा पडण्याचा धोका असतो. फिक्सेटिव्हच, म्हणजे चित्रावरचे ग्राफाइट धरून ठेवणारा खास फवारा, घ्या. चित्र उभे ठेवा, सुमारे तीस सेंटिमीटर अंतर राखा, फवारा कागदाच्या बाहेर सुरू करा आणि बाहेरच थांबवा. एकच ओला थर देण्यापेक्षा दोन-तीन विरळ थर द्या, प्रत्येक पुरता वाळू द्या, आणि खिडक्या उघड्या ठेवा. छटा किंचित गडद होतात, म्हणून आधी छटापट्टीवर मारून पाहा. खोडायचे काही राहिले असेल तर ते फवाऱ्याआधी.

काम चालू असताना हाताखाली कोरा कागद ठेवा आणि उजव्या हाताचे असाल तर वरून खाली, डावीकडून उजवीकडे जा. छटा बोटाने पसरवू नका : त्वचेचे तेल कागदात जाते आणि तिथे डाग धरतो. त्यासाठी कागदाची सुरळी किंवा मऊ टिश्यू वापरा. उजळ जागा काढायला मळता येणारे खोडरबर घ्या. ते घासायचे नाही, दाबून उचलायचे, म्हणजे थोडेच ग्राफाइट निघते.

प्रश्न : यांत्रिक पेन्सिलीने चित्र काढावे का?

केस, पापण्या, इमारतीच्या कडा यांसाठी ०.३ किंवा ०.५ मिलिमीटरची उत्तम, कारण रेघेची जाडी बदलत नाही. त्याच कारणाने मोठ्या भागाच्या छायांकनाला ती निरुपयोगी. दोन्ही कामे एकीनेच करायची असतील तर दोन मिलिमीटर शिशाचा क्लच होल्डर घ्या. त्याचे शिसे लाकडी पेन्सिलीसारखे टोकदारही करता येते आणि आडवेही फिरवता येते.