'केंटकी फ्राइड मूव्ही' पहिल्यांदा बघताय?

यूट्यूबवरचे सुटे तुकडे बघू नका. छोट्या-मोठ्या विनोदी प्रहसनांची माळ असलेला 1977 चा हा चित्रपट दीड तासाचाही नाही, एका बैठकीत संपवा. मात्र त्याआधी ब्रूस लीचा कुंग-फूपट 'एंटर द ड्रॅगन' (1973) बघाच. मधलं 'अ फिस्टफुल ऑफ येन' हे सर्वांत लांब प्रकरण, जवळजवळ अर्ध्या तासाचं, त्याचंच विडंबन आहे. खलनायकाचं बेट, स्पर्धा, हाणामारीचे आवाज, सगळं तिथूनच उचललंय. मूळ न बघितलेले नवखे नेमके इथेच कंटाळून चित्रपट पुढे पळवतात आणि शेवटच्या अचाट वळणाला मुकतात.

खोट्या ट्रेलरांमध्ये निर्मात्याचं नाव ऐकत राहा: सॅम्युअल एल. ब्रॉन्कोविट्झ. तोही खोटाच. 'फील-अराउंड' या प्रहसनात पडद्यावर जे घडतं ते थिएटरचा कर्मचारी प्रेक्षकावर प्रत्यक्ष करतो. 1974 च्या 'अर्थक्वेक' चित्रपटासोबत आलेल्या 'सेन्सराउंड'ची, म्हणजे खोल आवाजाने थिएटर हादरवणाऱ्या तंत्राची, ती टर आहे, हे ठाऊक असलं की दुप्पट हसू येतं.

सगळेच विनोद जमलेले नाहीत. काही नुसतेच चावट, काही आता शिळे. नग्नताही आहे, त्यामुळे घरच्यांसोबत लावू नका. आवडलाच तर याच लेखकत्रयीचा, झकर बंधू आणि जिम एब्रहम्स यांचा, 'एअरप्लेन!' (1980) लगेच घ्या.