मागीलदारचा डेक: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या महिन्यात लाकडी डेकबद्दलची, म्हणजे घरालगत खांबांवर उभ्या केलेल्या फळ्यांच्या ओट्याबद्दलची, पत्रं एकत्र घेतली आहेत. बहुतेकांचा पहिला प्रश्न "फळी कुठली घेऊ?" असाच आहे. डेक मात्र बिघडतो तो खालून, म्हणून आम्हीही खालून वर बोलत गेलो आहोत.

प्रश्न: रत्नागिरीजवळ आमचं जांभ्याचं जुनं घर आहे. जोतं दोन फूट उंच. मागीलदारी स्वयंपाकघराच्या दारालगत १२ बाय १० फुटांचा डेक करायचा आहे. सुतार म्हणतो सगळं सागवान घ्या, गवंडी म्हणतो आधी खाली कोबा करा. कोणाचं ऐकावं आणि सामान किती लागेल? थोड्या अंतरावर विहीर आहे.

उत्तर: आधी घराच्या पागोळ्या कुठे पडतात ते बघा. कौलावरचं पाणी चार महिने डेकच्या एकाच पट्ट्यावर पडत राहिलं, तर सागवान असो की आणखी काही, तो पट्टा सगळ्यात आधी जाणार. शिवाय तिथे शेवाळ धरणार आणि घरातलं कुणीतरी घसरणार. त्या बाजूला पन्हळ लावून पाणी डेकच्या पलीकडे सोडा. पन्हळीचा खर्च टाळून महाग फळी घेण्यात काही अर्थ नाही.

कोबा करू नका. कोब्यावर पाणी साचतं आणि खालून लाकडाला सतत दमट हवा मिळते. माती घरापासून बाहेरच्या दिशेने उतरती करून घ्या. १० फुटांत दोन इंच उतार पुरे. त्यावर जिओटेक्स्टाइलचं (पाणी झिरपू देणारं, माती अडवणारं) कापड आणि तीन इंच खडी टाका. गवत येत नाही, लाल चिखलाचे शिंतोडेही उडत नाहीत.

पायासाठी ९ खड्डे लागतील, तीन ओळींत तीन-तीन. कडेपासून सहा इंच आत धरलं की १२ फुटांच्या दिशेने दोन खांबांत साडेपाच फूट आणि १० फुटांच्या दिशेने साडेचार फूट अंतर येतं. कातळ किंवा घट्ट जमीन असेल तर खड्डा दीड फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट खोल. तळाला एक फूट काँक्रीट, त्यातून वर ९ बाय ९ इंचांचा खांब, आत १० मि.मी.चे चार गज. खांब जमिनीच्या वर एक फूट राहू द्या. १:२:४ (सिमेंट, वाळू, खडी) मिश्रणाने या सगळ्याला सिमेंटच्या ५ गोण्या, १२-१३ घनफूट वाळू आणि २५ घनफूट खडी लागते. खड्डे खणण्याआधी डेकच्या १२ बाय १० च्या कडांना दोरी लावून दोन्ही कर्ण मोजा. दोन्ही साधारण १५ फूट साडेसात इंच आले तरच आखणी काटकोनात आहे. नुसत्या गुण्यावर विसंबू नका, एवढ्या लांबीत गुण्याची बारीकशी चूकही कोपऱ्यावर इंचभर होते.

उंचीचा हिशोब असा: खांब १२ इंच, तुळईखालची हवेची फट अर्धा, तुळई ५, वासा ४, फळी १, एकूण साडेबावीस इंच. म्हणजे डेक जोत्यापेक्षा दीड इंच खाली राहतो आणि झडीचं पाणी दारातून आत येत नाही. भिंत आणि डेक यांत अर्धा इंच फट ठेवा आणि डेक भिंतीला कुठेही ठोकू नका.

लाकूड:

तुळया ३ बाय ५ इंच, १२ फुटी, ३ नग: पावणेचार घनफूट.
वासे २ बाय ४ इंच, १० फुटी, १६ इंचांवर एक, १० नग: साडेपाच घनफूट.
फळ्या तयार साडेपाच इंच रुंद आणि एक इंच जाड, १२ फुटी, २१ नग.

फळ्यांचा हिशोब तयार मापाने केला तर साडेनऊ घनफूट येतो आणि इथेच अंदाज चुकतो. एक इंचाची फळी मिळायला सव्वा इंचाची कापावी लागते, रुंदीतही अर्धा इंच रंध्यात जातो. कच्चं माप धरलं तर तेरा घनफूट होतात. तूट-फूट धरून एकूण २५ घनफूट घ्या.

सगळं सागवानच हवं असं नाही. तुळया आणि वासे ऐनाच्या झाडाच्या वाळलेल्या लाकडाचे चालतात. ऐन ओला लावला तर मात्र पिळतो आणि चिरतो. फळ्या सागवानाच्या घ्या, पण प्रत्येक फळीची कड बघून घ्या. सालीकडचा पांढुरका पट्टा दिसला तर ती फळी बाजूला काढा. सागवानाचा टिकाऊपणा गाभ्यात असतो. त्या पांढऱ्या लाकडाला वाळवी आणि बुरशी दोन्ही लागतात.

आता सांधे. तुळई थेट सिमेंटवर ठेवू नका. खांबात बसवलेल्या गॅल्व्हनाइज्ड यू-पट्टीत ती अशी धरा की खाली अर्धा इंच हवा खेळेल. प्रत्येक वाशाच्या डोक्यावर बिटुमेनची स्वचिकट पट्टी अडीच इंच रुंद लावा, दोन्ही बाजूंनी पाव इंच खाली वळवून. फळी आणि वासा यांच्यामधल्या फटीत पाणी शिरतं ते चार-चार दिवस सुकत नाही. तेच पाणी स्क्रूच्या भोकातून वाशात उतरतं. फळी वरून ठणठणीत दिसत असते आणि खाली वाशाचा वरचा भाग भुसभुशीत झालेला असतो. या सगळ्या पट्टीचा खर्च एका फळीहून फारसा जास्त नाही.

फळ्यांत ५ मि.मी. फट ठेवा. साडेपाच इंची फळी कोकणातल्या पावसाळ्यात दोन ते तीन मि.मी. फुगते. एप्रिल-मेमध्ये काम करताना सुतार "छान घट्ट बसलं" म्हणून फळ्या भिडवतो, आणि जुलैत त्या एकमेकींना रेटून मधून उचलल्या जातात. फळीचं कापलेलं टोक सर्वात जास्त पाणी पितं, तेव्हा प्रत्येक काप घेतल्याबरोबर टोकाला तेल किंवा मेण चोळा, डेक उभा राहिल्यावर नव्हे. स्क्रू प्रत्येक वाशावर दोन, म्हणजे २१ गुणिले १० गुणिले २, अर्थात ४२०. पाचशेचा डबा घ्या. लांबी ६० ते ६५ मि.मी. आधी भोक पाडून घ्या, नाहीतर टोकाशी फळी चिरणारच.

वाळवीसाठी प्रत्येक खांबावर गॅल्व्हनाइज्ड पत्र्याची टोपी बसवा. ती चारही बाजूंनी दोन इंच बाहेर आणि तिची कड खाली वाकवलेली असावी. वाळवी थांबत नाही, पण तिला मातीची नळी पत्र्याच्या कडेवरून बाहेर आणावी लागते आणि ती डोळ्यांना दिसते. महिन्यातून एकदा टॉर्च घेऊन खाली बघा. पेन्सिलीएवढ्या जाडीची मातीची रेघ दिसली की मोडा. दोन दिवसांनी ती पुन्हा बांधलेली दिसली तर वाळवी जिवंत आहे. जमिनीत औषध मारायचं झालं तर विहीर जवळ आहे हे कीटकनाशकवाल्याला आधी सांगा. विहिरीलगत ते टाळलेलंच बरं.

डेकखालची बाजू फळ्यांनी बंद करू नका. अर्ध्या इंचाच्या चौकोनांची वेल्डेड जाळी लावा. हवा खेळते आणि उंदीर, पर्यायाने घोणस, आत राहायला येत नाही.

प्रश्न: सोलापूरजवळ शेतातल्या घराला दीड वर्षापूर्वी डेक केला. घराकडची बाजू जोत्याला बोल्टने जोडली आहे, बाहेरची लोखंडी खांबांवर आहे. पावसाळ्यात बाहेरची बाजू वर येते, उन्हाळ्यात खाली बसते. आता फळ्यांचे स्क्रू निघू लागले आहेत. लाकूड खराब निघालं का?

उत्तर: लाकडाचा दोष नाही, काळ्या मातीचा आहे. ती भिजली की फुगते, वाळली की आकसते आणि तिच्यात उथळ पुरलेला खांब तिच्याबरोबर वरखाली होतो. घराचा पाया खोल असल्याने तो जागचा हलत नाही. डेक एकीकडे बांधलेला आणि दुसरीकडे हलणारा, म्हणून सगळा पीळ स्क्रूंवर येतो.

जोत्याचे बोल्ट काढा आणि घराच्या बाजूलाही स्वतंत्र खांब द्या. सगळे खड्डे काळी माती संपून मुरूम लागेपर्यंत न्या. मुरूम फारच खोल असेल तर खड्डा रुंद घेऊन त्यातली काळी माती काढा, मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांनी पाणी मारून धुमसून भरा आणि त्यावर पाया घ्या. खांबाच्या डोक्यावर उंची कमी-जास्त करता येणारा स्क्रू-जॅक ठेवलात तर उरलीसुरली हालचाल पान्याने मिटवता येते. डेकभोवती बागेचं पाणी मुरू देऊ नका. ठिबकची नळी खांबाजवळून गेली असेल तर ती आधी हलवा.

प्रश्न: पुण्यात रो-हाउसच्या मागे डब्ल्यूपीसीच्या (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिसळलेल्या) फळ्यांचा डेक केला. पहिल्याच मे महिन्यात फळ्या मधून वर उचलल्या गेल्या. विक्रेता म्हणतो बसवताना चूक झाली, बसवणारा म्हणतो माल खराब.

उत्तर: दोन टोकं जिथे भेटतात तिथली फट बघा. फट नसेल तर विक्रेत्याचं म्हणणं खरं. डब्ल्यूपीसीत प्लास्टिक असतं, ते उन्हात लांबीला वाढतं. १२ फुटी फळी हिवाळ्यातल्या पहाटेपासून मेच्या दुपारपर्यंत पाच ते सात मि.मी. लांब होते. लाकूड रुंदीला फुगतं आणि लांबीला जवळजवळ नाही. लाकडाच्या सवयीने डब्ल्यूपीसी बसवणाऱ्यांची चूक नेमकी इथे होते. टोकाला टोक भेटतं तिथे ६ मि.मी. आणि भिंतीशी १० ते १२ मि.मी. फट हवी. प्रत्येक फळी एकाच जागी स्क्रूने पक्की करायची आणि बाकी क्लिपांवर मोकळी सोडायची.

खालचं अंतरही मोजा. लाकडाला चालणारं १६ इंच अंतर पोकळ डब्ल्यूपीसीला जास्त होतं, तिथे १२ इंच हवं, म्हणजे १२ फुटांत १० ऐवजी १३ आडवे पाइप. पाइप वेल्डिंगने जोडले असतील तर वेल्डच्या जागी जस्ताचा थर जळतो. तिथे झिंक-रिच पेंट लावला आहे का आणि पाइपांची तोंडं बंद आहेत का ते तपासा. उघड्या तोंडाचा पाइप आतून गंजतो आणि बाहेरून कळत नाही. एक गोष्ट मात्र दुरुस्तीने बदलणार नाही: गडद रंगाचा डब्ल्यूपीसी मेच्या दुपारी अनवाणी पायाला सोसत नाही. घरात लहान मुलं असतील तर वर सावली करा.

प्रश्न: फोंड्याला सागवानी डेकला दरवर्षी जवसाचं तेल लावतो. पावसाळ्यानंतर काळे ठिपके पडतात आणि पॉलिश पेपरने घासूनही पुन्हा येतात.

उत्तर: ते ठिपके बुरशीचे आहेत आणि तिला खाऊ तुम्हीच घालता आहात. कच्च्या जवसाच्या तेलावर दमट हवेत बुरशी पोसते. ऑक्झॅलिक ॲसिड पाण्यात विरघळवून, हातमोजे आणि चष्मा घालून, नायलॉनच्या ब्रशने धुवा, भरपूर पाण्याने विसळा आणि आठवडाभर सुकू द्या. नंतर बुरशीरोधक आणि रंगद्रव्य असलेलं डेक ऑइल पातळ हाताने लावा. वीस मिनिटांत न शोषलेलं तेल पुसून घ्या. पारदर्शक तेल उन्हापासून वाचवत नाही आणि व्हार्निश तर बाहेर पापुद्रे होऊन सुटतं. काजूच्या टरफलांचं तेल खालच्या वाशांना उत्तम, पण ते अंगाला लागलं तर फोड येतात आणि बसायच्या जागी तर ते नकोच.

आणि हे नक्की करा: जवसाच्या तेलात भिजलेले कापडाचे बोळे चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. ते आपोआप तापून पेट घेऊ शकतात. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

प्रश्न: आम्ही एडिसन, न्यू जर्सीत राहतो. घराला बाहेरून वीट आहे. कंत्राटदार जमिनीपासून चार फूट उंच डेकचा लेजर बोर्ड (डेक घराला जोडणारी आडवी फळी) थेट विटेवर बसवतो म्हणतो. चालेल का?

उत्तर: नाही. तुमच्या घराची ती वीट बहुधा व्हिनिअर आहे: एका विटेचा पडदा, मागे पोकळी आणि मग लाकडी सांगाडा. त्या पडद्याला डेकचं वजन पेलत नाही. कोसळलेल्या डेकमध्ये घराशी असलेला हाच जोड सुटलेला वारंवार आढळतो. स्वतंत्र उभा डेक मागा: घराच्या बाजूलाही एक तुळई, तिच्याखाली स्वतःचे पोस्ट आणि दोन्ही दिशांना तिरपे आधार. घरालगतची माती तळघर बांधताना भरलेली असते, म्हणून तिथले पाये फ्रॉस्ट लाइनपर्यंत (हिवाळ्यात माती गोठते त्या खोलीपर्यंत) नेऊन भागत नाही, न हलवलेल्या मूळ मातीपर्यंत न्यावे लागतात. बाकीच्या ठिकाणी न्यू जर्सीत साधारण ३६ इंच खोली धरतात, तुमच्या टाउनशिपचा आकडा परमिट घेताना विचारा. खणण्याआधी ८११ वर फोन करा. गॅस आणि विजेच्या वाहिन्या फुकट आखून देतात.

साइडिंगच्या (बाहेरून पट्ट्यांचं आवरण असलेल्या) घरी लेजर लावायचा असेल तर साइडिंग काढून, वर फ्लॅशिंग (पाणी अडवणारा पत्रा) देऊन, अर्ध्या इंचाचे लॅग स्क्रू (जाड लाकडी स्क्रू) दोन ओळींत वरखाली मारतात. १२ फुटी जोइस्टला (वाशाला) दर १५ इंचांवर एक. नुसते खिळे कधीच नाहीत. डेक ३० इंचांहून उंच असल्याने ३६ इंचांचं रेलिंग लागेल आणि त्याच्या दांड्यांतून चार इंचांचा गोळा जाता कामा नये. प्रेशर-ट्रीटेड (दाबाने औषध मुरवलेल्या) लाकडातलं तांबं साध्या लोखंडाला खातं, तेव्हा हँगर (वासा धरणारे पत्र्याचे खोबणे) आणि खिळे हॉट-डिप गॅल्व्हनाइज्डच हवेत.

प्रश्न: अलिबागला डेकसाठी ३१६ प्रतीच्या स्टेनलेसचे स्क्रू सांगितलेत. दुकानदार चुंबक लावून "चिकटत नाही, म्हणजे ३१६" म्हणतो.

उत्तर: चुंबकाने ३०४ आणि ३१६ या स्टेनलेसच्या दोन प्रती ओळखता येत नाहीत. दोन्ही जवळजवळ चिकटत नाहीत, आणि स्क्रूला आकार देताना दोन्हीत थोडं चुंबकत्व येऊ शकतं. फरक मॉलिब्डेनमचा आहे. ३१६ मध्ये ते दोन ते तीन टक्के असतं, म्हणून खाऱ्या हवेत तो टिकतो. डोक्यावर ए४ (३१६ ची खूण) असा शिक्का असलेला किंवा टेस्ट सर्टिफिकेट मिळणारा माल घ्या. मॉलिब्डेनम ओळखणारं थेंबाचं रसायनही मिळतं, एका स्क्रूवर लावून बघा. साधे लोखंडी खिळे तर सागवानात आणि ऐनात पहिल्याच पावसात काळे ओघळ सोडतात.