मॅनेजरच्या हाताला ऑइल?

‘ताई, चाकणच्या एका कारखान्यात १९ वर्षं झाली. आता माणसं कमी करतायत. मला जायला सांगितलंय आणि तीन वर्षांपूर्वी आलेला, मीच मशीनचं सेटिंग शिकवलेला पोरगा राहतोय, कारण त्याचा पगार कमी. मला तर २०२१मध्ये असिस्टंट मॅनेजरही केलं होतं, पगार तेवढाच. परवा एचआरनं राजीनाम्याचा कागद पुढं केला. हाताला ऑइल होतं, म्हणून सोमवारी सही करतो म्हणालो. निष्ठेला काही किंमतच नाही का?’

निष्ठेचं राहू द्या. मॅनेजरच्या हाताला ऑइल कसं लागलं, ते आधी सांगा.

त्या पोरावर तुम्ही दीड पान खर्च केलंत (छापताना मी ते गाळलं). यादी त्यानं केलेली नाही. कपातीत एका प्रकारच्या कामातला शेवटी आलेला आधी जातो, हे १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्यात होतं, २०२०च्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. मालकाला वेगळं करायचं असेल तर कारण लेखी नोंदवावं लागतं. पण हे संरक्षण कामगाराला, मॅनेजरला नाही. बिनपगारवाढीचं ते व्हिजिटिंग कार्ड किती महागात पडू शकतं, कळलं? पेढेही वाटले असतील तुम्ही!

मात्र कोर्ट कार्ड वाचत नाही, काम बघतं. हाताखाली किती माणसं आहेत? कुणाची रजा कधी मंजूर केलीत? की अजून सेकंड शिफ्टला सीएनसी मशीनवर उभं राहून टूल बदलताय? तुमचं पत्र वाचून मला तरी तुम्ही कामगारच वाटता.

आणि सही केलीत की ती कपात राहतच नाही. तुम्ही स्वखुशीनं गेलात. कपात ठरली तर प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार, म्हणजे १९ वर्षांचे २८५ दिवस. नऊ महिन्यांहून जास्त! हे पैसे तुम्ही ऑइल पुसून सोडून देणार होतात. ग्रॅच्युइटी यात धरू नका, ती वेगळी, राजीनामा दिला तरी मिळतेच. ‘सही केली तरच ग्रॅच्युइटी’ असं कुणी म्हणालं तर ते लेखी मागा.

सोमवारी सही करायची नाही. कागदाची प्रत मागा, ‘वकिलाला दाखवून सांगतो’ एवढंच बोला. आणि आज रात्रीच, शिफ्टला कोण कुठल्या मशीनवर हे सांगणारे सुपरवायझरचे व्हॉट्सॲप मेसेज शोधून ठेवा. मशीनच्या नंबरापुढं तुमचं नाव असेल तिथं असिस्टंट मॅनेजर लिहिलंय का, तेवढं बघा.