यादी वाचताना आधी जागा वाच

चि. लेकरा,

तुझा रात्रीचा लांबलचक मेसेज सकाळी वाचला. मैत्रीपूर्ण सामन्यांसाठी राष्ट्रीय संघ जाहीर झाला आणि तुझा जीव वरखाली झाला. लीगमध्ये गोलांचा सपाटा लावणारा घरी राहिला, क्लबात बाकावर बसणाऱ्याचं नाव यादीत आलं, हे कसं, असं तू विचारलंस. आणि अगदी शेवटी एका ओळीत लिहिलंस की राज्याच्या संभाव्य खेळाडूंच्या शिबिराला तुलाही बोलावलंय. फार फार आनंद झाला. दोन्ही गोष्टींवर एकदमच लिहितो. ती मोठी यादी कशी तयार होते हे कळलं की तुझ्या शिबिरातल्या बऱ्याच गोष्टींचा उलगडा होईल.

आपल्या मराठवाड्याला धावण्यातली निवड चांगली समजते. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे 2022 च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत स्टीपलचेस ही अडथळ्यांची लांब शर्यत 8 मिनिटं 11.20 सेकंदांत धावला आणि रौप्य घेऊन आला. तिथं वाद घालायला जागाच नाही, घड्याळानं सांगितलं तेच खरं. फुटबॉलमध्ये असं घड्याळ नाही. कोण चांगला हे ठरवायला माणसाचे डोळे लागतात. त्यामुळं यादी आली की आपल्याकडं पहिला शब्द निघतो तो वशिला. हा संशय हवेतून आलेला नाही. चाचणीची बातमी आपल्या तालुक्यांपर्यंत पोचेस्तोवर चाचणी उरकलेली असते, असं मी कितीदा पाहिलंय. तिथं भांडायलाच हवं आणि मी भांडत आलोय. पण दर वेळी वशिलाच असतो असं धरून बसलास, तर यादीतून शिकण्यासारखं जे आहे ते तुझ्या नजरेतून सुटेल.

आधी साधं गणित बघ. 2018 पर्यंत विश्वचषकाचा संघ 23 जणांचा असायचा. प्रत्येक जागेला 2 म्हणजे 22, आणि तिसरा गोलकीपर. झाला संघ. 2022 ला कतारमध्ये तो 26 पर्यंत वाढला. वाढलेल्या 3 जागा कुणाच्या? बहुतेक वेळा दोन-तीन जागांवर खेळू शकणारा एक, दुखापतीतून नुकता उठलेला पण सोडवत नाही असा एक, आणि पुढच्या चार वर्षांसाठी डोळ्यांसमोर ठेवलेला एखादा पोरगा. देशातले उत्तम 26 खेळाडू शोधून त्यांची यादी कुणी करत नाही. जागा आधी ठरतात, नावं मागून येतात. तू म्हणतोस तो स्ट्रायकर देशात तिसऱ्या क्रमांकाचा असेलही, पण त्या जागेला दोघेच न्यायचे असतील तर तो घरी राहतो, आणि देशात विसाव्या क्रमांकाचा लेफ्ट बॅक, म्हणजे डाव्या कडेचा बचावपटू, विमानात बसतो. तू लेफ्ट बॅक आहेस, तेही डाव्या पायाचा. हे वाक्य पुन्हा एकदा वाच.

मोठ्या स्पर्धेआधीच्या मैत्रीपूर्ण सामन्यांची यादी तर याहून वेगळी असते. त्यात प्रशिक्षकाला ज्यांच्याविषयी खात्री आहे ते थोडे, आणि ज्यांच्याविषयी प्रश्न आहेत ते जास्त. ज्याच्याबद्दल सगळं माहीत आहे त्याला कधीकधी बोलावतही नाहीत, क्लबात दमलाय, विश्रांती घेऊ दे म्हणून. तो वगळला गेला असं वाटून आपण इकडं आरडाओरडा करतो. खेळ कळणारी माणसंसुद्धा इथंच फसतात. अंतिम यादी हे उत्तर असतं, मैत्रीपूर्ण सामन्यांची यादी ही प्रश्नपत्रिका असते, आणि लोक तिच्यात निकाल शोधत बसतात.

आपल्याच देशाचं उदाहरण घे. 2019 च्या जानेवारीत अमिरातीत आशियाई चषक होता. आपल्या गटात अमिराती, थायलंड आणि बहारीन. त्याआधी आपले तेव्हाचे प्रशिक्षक स्टीफन कॉन्स्टंटाईन यांनी संघाला चीन, जॉर्डन आणि ओमानशी खेळवलं. गटात पश्चिम आशियातले दोन संघ, म्हणून तयारीलाही तिकडचेच दोन. प्रतिस्पर्धी निवडतानासुद्धा प्रश्न असतो तो असा. चीनशी 0-0, ओमानशी 0-0, जॉर्डनशी 1-2 हार. जॉर्डनच्या सामन्यात त्यांच्या गोलकीपरनं, आमेर शफीनं, स्वतःच्या भागातून मारलेला लांब चेंडू टप्पा पडून आपला गोलकीपर गुरप्रीत याच्या डोक्यावरून गोलात गेला. असा गोल खाल्ल्यावर आपल्या गल्लीतल्या पोरांनी गुरप्रीतला संघातून कधीच काढून टाकलं असतं. पण 6 जानेवारीला थायलंडविरुद्ध गोलात तोच होता आणि कप्तानीची पट्टीही त्याच्याच दंडावर. तो सामना आपण 4-1 नं जिंकलो. गुरप्रीतविषयी प्रशिक्षकाला प्रश्नच नव्हता, तो एका टप्प्यानं कसा निर्माण होईल?

आता त्या जॉर्डनच्या सामन्याची दुसरी बाजू. जॉर्डनविरुद्ध आपला एकमेव गोल निशू कुमारनं केला. पहिलाच आंतरराष्ट्रीय सामना, बचावातला पोरगा आणि गोल. यापेक्षा चांगलं पदार्पण कोणतं? पण आशियाई चषकाच्या 23 जणांत त्याचं नाव नव्हतं. डावीकडं सुभाशिष बोस आणि नारायण दास गेले. तुला हे मुद्दाम सांगतोय, कारण तुझी जागाही बचावातली आहे आणि शिबिरात तुझ्या पायाला गोल करायची खाज सुटणार, हे मला आजच दिसतंय. बचावपटूच्या गोलानं टाळ्या मिळतात. जागा मात्र मागं किती भगदाड पडलं आणि ते कुणी बुजवलं, यावर ठरते.

मग मैत्रीपूर्ण सामन्यातून कुणाचं भाग्य उघडतच नाही का? उघडतं की. सप्टेंबर 2022 मध्ये अर्जेंटिना होंडुरासशी खेळली. त्या सामन्यात त्यांचा प्रशिक्षक लिओनेल स्कालोनीनं दोन नवी पोरं उतरवली, एन्झो फर्नांडेझ आणि थियागो आल्माडा. एन्झो विश्वचषकाच्या यादीत आला, पहिले दोन सामने बाकावरून खेळला, मेक्सिकोविरुद्ध गोल केला, नंतर मधल्या फळीतून हललाच नाही आणि स्पर्धेतला सर्वोत्कृष्ट तरुण खेळाडू ठरला. आल्माडाची गोष्ट मला त्याहून आवडते. यादीत त्याचं नाव नव्हतं. स्पर्धा तोंडावर असताना अमिरातीशी शेवटचा मैत्रीपूर्ण सामना झाला आणि त्यानंतर निकोलास गोन्झालेस आणि होआकीन कोरिया दुखापतींमुळं बाहेर पडले. पहिल्या सामन्याच्या 24 तास आधीपर्यंत जखमी खेळाडू बदलता येतो, तसा नियमच आहे. मग आंखेल कोरिया आणि आल्माडा यांना निरोप गेला. आल्माडा स्पर्धेत काही मिनिटंच खेळला, पण विश्वविजेत्या संघातला झाला. नाव नसतानाही तो तयार होता, एवढंच त्याच्या हातात होतं.

तू विचारशील, प्रशिक्षक चुकत नाहीत का? चुकतात, आणि फार मोठ्या चुका करतात. 2018 ला जर्मनीच्या योआखिम लोवनं 27 चे 23 करताना लेरॉय सानेला घरी पाठवलं आणि त्या जागेवर युलियान ब्रांटला नेलं. साने त्या वर्षी इंग्लंडमधला सर्वोत्तम तरुण खेळाडू ठरलेला. जर्मनी गटातच बाद झाली. उलट 1982 ला इटलीच्या एन्झो बेअर्झोतनं लीगमधला सर्वाधिक गोल करणारा प्रुत्झो सोडला आणि दोन वर्षांच्या बंदीतून नुकत्याच सुटलेल्या पाओलो रोस्सीला नेलं. रोस्सीनं 6 गोल केले आणि इटली जिंकली. निकाल उलटसुलट लागले, तरी दोघांचीही विचार करण्याची रीत एकच होती. तू शेतकऱ्याचं लेकरू आहेस, तुला हे पटकन कळेल. पोळ्याला सगळ्यात देखणा बैल कोणता हे गाव सांगतं, पण तिफणीला कोणता जुंपायचा हे शेजारी कोणता चालणार आहे त्यावर ठरतं.

जागेवर माणूस बसवायची ही विद्या आपल्यापासून फार लांबची नाही, हेही तुला माहीत असू दे. सय्यद अब्दुल रहीम हैदराबादचे, पेशानं शिक्षक. 1951 ला दिल्लीत त्यांच्या मार्गदर्शनाखाली भारतानं आशियाई स्पर्धेतलं पहिलं फुटबॉल सुवर्ण जिंकलं, तेव्हा आपले जिल्हे हैदराबाद राज्यातच होते, मुंबई राज्यात आपण आलो ते 1956 ला. 1962 ला जकार्तात जर्नेलसिंगच्या डोक्याला मार लागला, टाके पडले. तो देशातला पहिल्या दर्जाचा बचावपटू. रहीमसाहेबांनी त्याला बाहेर न बसवता पुढं, सेंटर फॉरवर्डला खेळवलं. त्यानं उपांत्य सामन्यात गोल केला आणि कोरियाविरुद्धच्या अंतिम सामन्यातही केला. आपण 2-1 नं जिंकलो. कागदावर बघितलं तर ही निवड वेडेपणाची होती. पण त्या माणसाला आपली पोरं आतून-बाहेरून ठाऊक होती. कोणत्या पायानं चेंडू घेतो, कुणाशी पटतं, मार लागल्यावर कसा उठतो, सगळं. आज आपल्या मराठवाड्यातल्या पोराला असं जवळून बघणारं कुणी नसतं आणि हे दुःख मला फार आहे. म्हणून पहिल्या दोन-तीन दिवसांत तू काय आहेस हे तुलाच दाखवावं लागेल.

ते कसं? गेल्या गेल्या मोज, लेफ्ट बॅक किती आहेत, त्यातले खरे डाव्या पायाचे किती. प्रशिक्षक मागं चौघे ठेवतात की तिघे, हे पहिल्याच सरावात कळेल. तिघे असतील तर तुझी जागा पुढं सरकते, मग धाव दुप्पट. तुझी दुसरी जागाही आत्ताच ठरवून ठेव. डावा सेंटर बॅक (मधल्या बचावातला) जमेल असं मला वाटतं, विंगर (कडेनं हल्ला करणारा) जमणार नाही. विचारलं तर तसंच सांग, ‘कुठंही खेळतो सर’ म्हणू नकोस. कुठंही खेळणारा कुठलाच नसतो, असा माझा अनुभव आहे. जिल्ह्याच्या निवडीला बसलो तेव्हा असं म्हणणाऱ्या पोरांना नेमकं कुठं बसवावं हेच समजायचं नाही.

मैदानाचं फार मनावर घे. आपण काळ्या मातीवर खेळतो. उन्हाळ्यात ती दगड होते, चेंडू गुडघ्याच्या वर उडतो, म्हणून तुझा पाय आपोआप उंच उचलला जातो. तिथं टर्फ, म्हणजे कृत्रिम गवत, असेल तर चेंडू घसरत येईल आणि पायाखालून निघून जाईल. पहिल्या सरावाला अर्धा तास आधी जा, नुसता चेंडू थांबवत राहा. बूटही बघून घे. लांब खुट्यांचे बूट टर्फवर गुडघ्याचा घात करतात. उन्हाची काळजी नको, मे महिन्यात आपल्याकडं पळालेल्या पोराला तिथलं ऊन काहीच वाटणार नाही.

सराव सामन्यात शेजारी अनोळखी पोरगा असेल, कदाचित मुंबईचा. त्याचं नाव आधी विचारून घे आणि सामनाभर ओरडून बोल. आपली पोरं मोठ्या शहरात गेली की गप्प होतात. लेफ्ट बॅक गप्प राहिला की सेंटर बॅकला मागचं दिसत नाही आणि गोल होतो. बाकी हॉटेल, किट, कोण कुणाच्या खोलीत, यात डोकं घालू नकोस.

दुखत असेल तर पहिल्या दिवशी सांग. गेल्या हंगामातलं ते मांडीचं दुखणं लपवून खेळलास तर स्वतःची जागा घालवशीलच, शिवाय बाहेर एखादा आल्माडा तयार बसलेला असेल, त्याचीही घालवशील.

आणि नाव गाळलं गेलं तर प्रशिक्षकांना एकटं गाठून एवढंच विचार, ‘सर, माझ्यात कोणती गोष्ट कमी पडली?’ उत्तर वहीत लिहून घे. घरी आल्यावर त्याच गोष्टीवर काम करू. राखीव ठेवलं तर फोन चालू ठेव आणि एक दिवसही सराव चुकवू नकोस, गावात लग्न असलं तरी.

जन्माचा दाखला, आधार आणि खेळाडू नोंदणीचा कागद, प्रत्येकाच्या दोन झेरॉक्स काढून पिशवीत वेगळ्या ठेव. नांदेड-पनवेल गाडीनं जाणार असशील तर तिकीट आजच काढ, शिबिराच्या आदल्या दिवशी पुण्यात पोचायचं, त्याच सकाळी नाही. पहिला सराव सामना झाला की मला फोन कर. किती गोल झाले ते नंतर सांग, आधी कोणत्या जागेवर आणि किती मिनिटं खेळवलं ते सांग. त्यावरून पुढच्या सामन्याचं ठरवू.

तुझे,
सर